उचललेली जीप आणि बिघडलेले कोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत पावसाळी भटकंतीवरचा लेख वाचला. लेख एरवी वाचनीय आहे. पण त्यासोबतच्या चौकटीत ‘गाडी दोन-तीन इंच उचलून घेतली, की कुठलीही वाट अडत नाही’ असे एक वाक्य सहज लिहून टाकले आहे आणि त्याखाली लिफ्ट किटच्या, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या सुट्या भागांच्या संचांच्या, किमती दिल्या आहेत. त्या एका वाक्यासाठी हा पत्रप्रपंच.

मी नाशिकमध्ये तीस वर्षे चाकांच्या अलाइनमेंटचे आणि स्टिअरिंगचे काम करतो. ज्या शहराच्या कारखान्यातून थार बाहेर पडते, त्या शहरात जीपवेड्यांना तोटा नाही. त्यांच्या उचललेल्या गाड्या माझ्याकडे येतात त्या बहुधा उचलून झाल्यावर, आणि तक्रारी ठरलेल्या तीनच असतात: वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, खड्ड्यातून जाताना गाडी भलतीकडे ओढते, आणि ठराविक वेगाला पुढची चाके थयथयाट करतात. ‘चाके बॅलन्स करून द्या’ एवढीच मागणी असते. बॅलन्सिंगच्या शिशाच्या तुकड्यांनी हे दुखणे बरे होत नाही, कारण मूळ दोष चाकात नसून कोनांत असतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक तरुण पाट्यांची, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांची, जुनी जीप घेऊन आला. मुंबई–आग्रा महामार्गावरच्या उड्डाणपुलाचा सांधा पन्नास-पंचावन्नच्या वेगाने ओलांडला, की स्टिअरिंग हातातून सुटेल इतके हलू लागे आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत हलतच राही. ‘काका, सगळं नवीन टाकलंय, फक्त हे तेवढं घालवा,’ असे तो म्हणाला. खाली वाकून पाहिले तर पुढच्या पाट्यांचे शॅकल (पाट्याचे टोक चासीला झुलते जोडणारे दुवे) मूळच्यापेक्षा दोन इंचांनी लांब होते. दोन इंच लांब शॅकल घातला तर गाडी एकच इंच उचलली जाते, कारण हाउसिंग, म्हणजे दोन चाकांना जोडणारे अखंड लोखंडी कवच, पाट्याच्या मधोमध बसलेले असते आणि पाट्याचे एकच टोक खाली गेलेले असते. त्या एका इंचासाठी त्याने काय गमावले होते, ते गाडी मशीनवर चढवल्यावर कळले. या जातीच्या जीपला पुढे सुमारे तीन अंश कॅस्टर लागतो. तिथे उजव्या चाकाला जेमतेम शून्य आणि डाव्याला शून्याच्याही खाली भरला.

कॅस्टर म्हणजे काय, हे येथे सांगणे भाग आहे. पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते तो आस उभा सरळ नसतो. त्याचे वरचे टोक किंचित मागे झुकवलेले असते. त्यामुळे त्या आसाची रेषा खाली वाढवली तर ती टायर जिथे रस्त्याला टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला मिळते, आणि टायर त्या बिंदूच्या मागोमाग फरफटत येतो. मॉलमधल्या ढकलगाडीचे पुढचे चाक जसे आपोआप मागे फिरून सरळ धावू लागते, तसेच हे घडते. वळणानंतर स्टिअरिंग सैल सोडले की ते सरळ होते, ते या झुकावामुळे. आता या जीपच्या पुढच्या पाट्यांना शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला, की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, पाट्याबरोबर हाउसिंग पुढे कलते आणि आसाचे वरचे टोक पुढे येते. पाट्याच्या दोन टोकांतले अंतर ९०० मिमी आणि पुढचे टोक ५० मिमी खाली, म्हणजे साधारण तीन अंशांचा कल. मुळात होते तेवढे सगळे त्यातच संपले. चाकांना सरळ राहण्याचे कारणच उरले नाही, वर जाड आणि जड टायर घातले होते, चाके वळवणाऱ्या टाय रॉडच्या एंडमध्ये थोडी खेळ, म्हणजे ढिलाई, होती, आणि उड्डाणपुलाच्या सांध्याने पहिला धक्का दिला. बाकीचे काम चाकांनी स्वतः केले.

कुणी म्हणेल, पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये पाचर घालून कॅस्टर परत आणता येत नाही का? येतो. पण पुढच्या हाउसिंगवर दोन गोष्टी एकाच लोखंडात पक्क्या केलेल्या असतात: चाकाच्या आसाचा कल आणि डिफरन्शियलच्या पिनियनचे, म्हणजे इंजिनाकडून येणारी शक्ती घेणाऱ्या दातेरी चाकाचे, तोंड. पाचरीने आस मागे झुकवला की पिनियनचे तोंड खाली जाते, त्याला शक्ती पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला आणखी तिरपे धावावे लागते, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह टाकून थोडा वेग घेतला की खालून घरघर सुरू होते. काही महिन्यांत शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस जातो. एक कोन दुरुस्त केला की दुसरा बिघडतो. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे पाठ असते, पण किट विकणाऱ्याच्या पत्रकात ते छापलेले मी तरी पाहिलेले नाही. त्या तरुणाच्या गाडीचे आम्ही लांब शॅकल काढले, मूळ मापाचे घातले, टाय रॉड एंड बदलले. इंच गेला, आणि त्याबरोबर थयथयाटही गेला.

पाट्यांच्या गाड्यांचा दुसरा, याहून धाडसी प्रकार म्हणजे हाउसिंगच्या खाली बांधलेले पाटे हाउसिंगच्या वर घेणे. जिप्सीवर हा प्रयोग फार होतो, कारण नवे पाटे न घेता एकदम पाचेक इंचांची उचल मिळते. एवढ्या उचलीत स्टिअरिंग बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून चाकाकडे येणारी ड्रॅग लिंक नावाची दांडी इतकी तिरपी होते, की ती पाट्याला घासू लागते. मग ती मधे वाकवून इंग्रजी झेडसारखी केली जाते. सरळ दांडा ढकलला तर ढकलला जातो. वाकवलेला दांडा आधी लवतो आणि मग ढकलला जातो, म्हणजे स्टिअरिंग फिरवणे आणि चाक वळणे यांच्यात एक क्षण जातो. वेल्डिंग करून वाढवलेली लिंक तर मी गाडीतून काढायला लावतो, त्याशिवाय कामाला हात लावत नाही. त्यावरून दोन गिऱ्हाइके रागावून गेली आहेत, त्याचे मला वाईट वाटत नाही. हे काम करायचेच असेल तर दोन्ही नकलवर (चाकाला धरून वळणाऱ्या भागांवर) वरून जोडता येणारे आर्म बसवून ड्रॅग लिंक आणि टाय रॉड दोन्ही पाट्यांच्या वर घ्यावे लागतात. तो खर्च पाटे वर घेण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो, म्हणून तोच टाळला जातो.

ज्या गाड्यांना पाटे नसून कॉइल स्प्रिंग आहेत पण हाउसिंग अखंड आहे, त्यांचे, उदाहरणार्थ २०२३ साली आपल्याकडे पाच दारांची आली त्या जिम्नीचे, गणित जरा वेगळे आहे. स्प्रिंग गाडीला वर धरते. पण हाउसिंगला डावी-उजवीकडे सरकू न देण्याचे काम तिला जमत नाही. ते एक आडवी दांडी करते, जिचे एक टोक चासीला आणि दुसरे हाउसिंगला असते. ही लॅटरल रॉड. गाडी वर गेली की ही दांडी तिरपी होते, तिची आडवी लांबी कमी पडते आणि ती हाउसिंगला चासीवरच्या टोकाच्या बाजूला ओढून घेते. किती, ते साध्या भूमितीने काढता येते. दांडी ८०० मिमी लांब आणि आडवी आहे असे समजा. चाक ५० मिमी खाली गेले तर हाउसिंग दीड मिलिमीटरच्या आसपास सरकेल. एवढे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आता गाडी उचलल्यामुळे त्याच दांडीच्या दोन टोकांत आधीच १०० मिमीचा उतार आहे असे धरा. मग चाक तेवढेच ५० मिमी खाली गेले, तर हाउसिंग जवळजवळ आठ मिलिमीटर सरकते. खड्डा तोच, गाडी तीच, बाजूचा धक्का पाचपट. उचलीचा प्रत्येक पुढचा इंच आधीच्या इंचापेक्षा महाग पडतो, तो असा.

त्यात भर म्हणजे ड्रॅग लिंकही अशीच तिरपी होते. कारखान्यात या दोन दांड्या शक्य तितक्या समांतर आणि सारख्या लांबीच्या ठेवलेल्या असतात, म्हणजे चाक वर-खाली झाले तरी दोन्ही सारख्याच कमानीत फिरतात आणि एकीचे ओढणे दुसरीला जाणवत नाही. बाजारात मिळणारा खोल ड्रॉप आर्म एकटाच बसवला तर ड्रॅग लिंक आडवी होते आणि लॅटरल रॉड तिरपीच राहते. मग समांतरपणा मोडतो, खड्ड्यात चाक गेले की चालकाने हातही न हलवता चाक वळते, आणि चालक त्याला उलटा वळवून प्रतिसाद देतो. बदलायचे तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. याच गाडीत हाउसिंगला पुढे-मागे धरणारे लांब आर्म मागच्या बाजूने चासीला जोडलेले असतात. चासी ५० मिमी वर गेली आणि आर्म समजा ८०० मिमीचा असला, तर हाउसिंग साडेतीन अंशांनी पुढे कलते. म्हणजे पुन्हा कॅस्टर गेला. त्यासाठी मध्यबिंदू सरकवलेले बुश (आर्मच्या सांध्यातल्या रबरी कड्या) किंवा आर्मचे चासीकडचे टोक खाली आणणारे ब्रॅकेट मिळतात. कुठल्याही प्रामाणिक किटमध्ये ते स्प्रिंगसोबतच यायला हवेत.

स्टिअरिंग वाकडे राहणे ही तर फार सामान्य गोष्ट. गाडी उचलली की ड्रॅग लिंकची आडवी लांबी बदलते आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग पंधरा-वीस अंश एका बाजूला दिसू लागते. उपाय म्हणून काही ठिकाणी स्टिअरिंगचे चाक काढून खाचांवर सरळ बसवून देतात. दिसायला सरळ, पण आतला बॉक्स सरळ नसतो. गोळ्यांच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये खेळ मधोमध सगळ्यांत कमी ठेवलेली असते आणि दोन्ही बाजूंना ती वाढते. बॉक्स मध्यापासून ढळला की सरळ रस्त्यावरच गाडी सैल वाटू लागते. ज्या गाडीत ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, आहे, तिच्या स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही मग चुकीचा कोन वाचू शकतो. दुरुस्ती ड्रॅग लिंकची लांबी फिरवून व्हायला हवी. वीस मिनिटांचे काम आहे, फक्त गाडीखाली झोपावे लागते.

२०२० साली आलेल्या थारला पुढे अखंड हाउसिंग नाही. प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, मधे स्प्रिंगसह शॉक, आणि चाकापर्यंत शक्ती नेणारे सीव्ही जॉइंट अशी तिची रचना आहे. इथे सर्वांत स्वस्त उपाय म्हणून शॉकच्या डोक्यावर एक धातूचा स्पेसर ठेवतात. शॉक खालच्या आर्मवर चाकाच्या बराच आत टेकलेला असतो. समजा चासीकडच्या टोकापासून आर्मच्या साठ टक्के अंतरावर. मग ३० मिमीच्या स्पेसरने चाकाजवळ ५० मिमी उचल मिळते आणि गिऱ्हाईक खूश होते. शॉकची लांबी मात्र वाढलेली नसते. पूर्वी चाक जिथवर लोंबकळत असे, त्याच्याही खाली आता तेवढेच ५० मिमी ते जाते. आणि त्या ठिकाणी बॉल जॉइंट, सीव्ही जॉइंट आणि टाय रॉड यांनी कसे वागावे, हे ती गाडी आखणाऱ्याने ठरवलेलेच नसते. सीव्हीचे रबरी बूट फाटतात, ग्रीस उडते, आत वाळू जाते. पुढच्या बाजूने टकटक ऐकू येऊ लागली की समजावे. वर टाय रॉड बाहेरच्या बाजूला उतरती झाल्याने चाक दबताना-उठताना टो, म्हणजे चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप, बदलत राहतो, आणि टायरच्या कडा ब्लेडने तासल्यासारख्या झिजतात. माझ्याकडे असा एक टायर मुद्दाम ठेवलेला आहे. आतली कड गुळगुळीत आणि बाहेरची जवळपास नवी.

ब्रेकचा विचार तर कुणी करतच नाही. चासीकडून हाउसिंगकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी मूळ उंचीच्या हिशेबाने कापलेली असते. उचललेल्या गाडीचे मागचे चाक ओढ्यात पूर्ण लोंबकळले, तर ती नळी ताणली जाते. म्हणून लांब नळी घातलीच पाहिजे. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी हाउसिंगला जोडलेली असते आणि चासी व हाउसिंग यांतले अंतर पाहून तो भार ओळखतो. गाडी उचलली की हे अंतर वाढते, व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा दाब कमी करतो. पाच माणसे आणि टपावर सामान घेऊन कसारा घाट उतरताना हे कळणे बरे नव्हे. व्हॉल्व्हचे ब्रॅकेट उचलीइतके हलवले की प्रश्न मिटतो.

उलटण्याबद्दलही थोडे लिहितो. दोन चाकांतल्या अंतराचा अर्धा भाग आणि गुरुत्वमध्याची उंची यांचे गुणोत्तर जेवढे मोठे, तेवढी गाडी आडव्या बळाला टिकते. चाकांतले अंतर १,४०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर असेल तर ते १ येते. गुरुत्वमध्य ५० मिमी वर गेला तर ०.९३ आणि १०० मिमी वर गेला तर ०.८८. टपावर जाळी, जाळीवर तंबू आणि पाण्याचे कॅन चढवले, की आकडा आणखी खाली उतरतो.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा, त्या जमिनीपासूनच्या उंचीकडे पाहू. अखंड हाउसिंगच्या गाडीत सर्वांत खाली लोंबतो तो डिफरन्शियलचा गोळा. तो चाकांच्या आसावर असतो. स्प्रिंग कितीही उंच घाला, गोळा तिथेच राहतो. वर जाते ती चासी आणि बॉडी. दगड ज्याला आपटतो ते एक मिलिमीटरही हललेले नसते. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो, आणि तोही व्यास जितका वाढेल त्याच्या निम्माच फायदा देतो. जिम्नीच्या मूळ १९५/८० आर १५ टायरचा व्यास ६९३ मिमी. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर तो साडेसातशेच्या थोडा आत, ७३३ मिमीच्या आसपास भरतो. म्हणजे चाळीस मिलिमीटर व्यास वाढला आणि गोळा वीस मिलिमीटर वर गेला. त्या बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी सुमारे ८५ ने धावत असेल, आणि स्टिअरिंगच्या प्रत्येक सांध्यावर जास्त वजन पडेल. चासी उंच झाल्याचा फायदा मुळीच नाही असे मी म्हणत नाही. उंचवटा ओलांडताना पोट घासत नाही आणि मोठ्या टायरला मडगार्डमध्ये जागा मिळते. पण मुळात जिम्नीची उंची २१० मिमी आणि थारची २२६ मिमी आहे. पुरवणीतल्या छायाचित्रातली वाट मला वेल्ह्याच्या बाजूची वाटली. तिथे मी मूळ उंचीची जिप्सी टायरमधली हवा कमी करून कितीदा तरी नेली आहे.

कायद्याचा भाग आपल्या लेखात अजिबात नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, हेही वाचकाला आधी माहीत असावे.

एवढे लिहूनही मी या छंदाच्या विरोधात नाही. माझे निम्मे उत्पन्न त्यावर आहे, हे कबूल करायला हरकत नाही. खासगी जागेत चिखलात खेळण्यासाठीच गाडी राखणारे लोक आहेत, आणि त्यांतले काही जण पन्नास मिलिमीटरच्या आत राहून, जुळणारे शॉक, बुश, दोन्ही दांड्या, ब्रेकची नळी आणि चाकाला फार वर येऊ न देणारे बंप स्टॉप यांचा पुरा संच घालून नीट काम करून घेतात. त्यांच्या गाड्या चालवायला सरळ असतात. माझा आक्षेप अर्ध्या कामाला आहे. किटच्या किमती छापताना त्यासोबत लागणाऱ्या या भागांची यादी आणि किंमतही छापली असती, तर निम्म्या वाचकांनी विचार बदलला असता असे मला वाटते.

ज्यांची गाडी उचलून झाली आहे, त्यांना एकच सुचवतो. अलाइनमेंट करून घेताना आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद मागून घ्यावेत. बहुतेक ठिकाणी फक्त टो दुरुस्त करून टोचा आकडा दाखवतात. अखंड हाउसिंगच्या गाडीचा कॅस्टर मशीनवर पाना फिरवून बदलता येत नसल्याने ती ओळ पाहिलीच जात नाही. कागदावर कॅस्टरची ओळ शोधावी, दोन्ही चाकांचे आकडे गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून पाहावेत, आणि जुळत नसतील तर उड्डाणपुलावर चढण्याआधी ज्याने गाडी उचलली त्याच्याकडे तो कागद घेऊन जावे.

आपला नियमित वाचक,
एक अलाइनमेंटवाला, नाशिक